स्टँडच्या भिंतीवरचा चेहरा

दाजींनी बिडी सोडली ती माझ्या चित्रामुळे, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आलो. ते खोटं नव्हतं. पण मी दर वेळी अर्ध्यावर थांबत असे. ऐकणाराही खूश होऊन तिथंच थांबे, पुढचं कुणी विचारत नसे. आता माझी पंचेचाळिशी उलटली आहे. दाजी जाऊनही सहा वर्षं झाली. उरलेलं अर्धं सांगायला मी फार उशीर केला आहे, हे मला ठाऊक आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीत ड्रायव्हर होते. नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत सुरगाण्याला जाणारी मुक्कामी गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, तिथंच झोपायचं, सकाळी परत. बिडी ते तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात धरायचे. वळणाच्या रस्त्यावर दोन्ही हात स्टिअरिंगला लागायचे, त्यामुळे बिडी हातात घेण्याची सवयच राहिली नव्हती. ती तिथंच जळायची, तिथंच विझायची, आणि धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांचा डावा डोळा कायम थोडा मिटलेला असायचा. गाडीवर नसतानाही तो तसाच राहायचा. बोलायला कमी, पण बोलले की समोरचा हसलाच पाहिजे. ताई आणि ते पेठ रोडला दोन खोल्यांत राहायचे.

मी बोर्ड रंगवणारा. रविवार कारंज्याजवळ माझा एक गाळा आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, निवडणुकीच्या भिंती, जे येईल ते. ऐंशीचा सिंहस्थ उरकला आणि कामाला ओहोटी लागली. तशात एक दिवस आरोग्य खात्याचे एक साहेब गाळ्यात आले. प्रचाराचं काम त्यांच्याकडे होतं. जीपमध्ये प्रोजेक्टर घालून गावोगाव जायचे आणि शाळेच्या भिंतीवर पडदा लावून नारू, माशा, गढूळ पाणी असलं काही दाखवायचे. साधे गृहस्थ होते, कामाची तळमळ होती. त्यांना स्टँडच्या एका लांब भिंतीवर बिडी-सिगारेटच्या विरोधात चित्र हवं होतं.

मी विचारलं, "कवटी काढू? खाली दोन हाडं?"

"कवटी नको," साहेब म्हणाले. "कवटी लोकांना इलेक्ट्रिकच्या खांबावर रोज दिसते. तिला टेकून उभे राहतात. मला माणूस हवा. बघितल्यावर घास उतरला नाही पाहिजे."

त्यांनी खाकी कागदाचं कव्हर घातलेलं डॉक्टरी पुस्तक उघडलं. त्यात एका माणसाचा फोटो होता. गालाला आरपार भोक, आतून दात दिसतायत, कडेला पांढरट चट्टे. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. ओळख पटू नये म्हणून तसं करतात, असं साहेब म्हणाले. मी पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. त्या दिवशी खरोखरच मला घास उतरला नाही. आणि खरं सांगतो, मला ते काम हवंहवंसं वाटलं. आयुष्यभर 'शुद्ध तुपातील' आणि 'उधारी बंद' लिहिणाऱ्या माणसाला कुणी चेहरा काढायला सांगत नाही.

फोटोवर चौकटी आखल्या, भिंतीवर सूत मारून तशाच मोठ्या चौकटी पाडल्या आणि जखमेपासून सुरुवात केली. जखम लवकर झाली. कडेच्या चट्ट्यांचा रंग मात्र जमेना. पांढरा लावला तर चुना वाटायचा. शेवटी पांढऱ्यात किंचित पिवळा आणि काडीच्या टोकावर राहील एवढा काळा घातला, तेव्हा तो ओला, जिवंत दिसायला लागला. तो रंग मी पुढे इतक्यांदा केला की डोळे मिटून करू शकलो असतो.

अडलं ते डोळ्यांपाशी. फोटोत डोळे नव्हते. सिनेमाच्या बोर्डावरचे डोळे मला पाठ होते, पण ते त्या जखमेवर बसेनात. मोठे, पाणीदार डोळे आणि खाली ते भोक, नाटकी दिसायला लागलं. मी पुसलं. परांचीवर बसून सिगारेट पेटवली. हो, त्या चित्राचं काम चालू असताना मी दिवसाला एक पाकीट ओढत होतो, आणि खालून जाणारे कंडक्टर मला विचारायचे, "पेंटर, साहेबाकडून माचिस पण मिळते का?" सिगारेट संपली आणि मी डोळे काढले. जागरणानं सुजलेल्या खालच्या पापण्या, आणि डावा डोळा थोडा मिटलेला.

हात आपोआप गेला, असं म्हणणं सोपं आहे. पहिल्या डोळ्यापुरतं ते खरंही असेल. दुसऱ्या डोळ्याला मला कळलेलं होतं की मी कुणाचे डोळे काढतोय. मी थांबलो नाही, कारण तो चेहरा आता बघायला लागला होता. स्टँडवर कुठंही उभं राहा, तो तुमच्याकडेच बघायचा.

आता मजकुराचं. साहेबांनी दोन ओळी लिहून दिल्या होत्या. वरती मोठ्या अक्षरात, 'बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा शेवट असा होतो.' आणि खाली, 'तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. वेळीच उपचार घेतल्यास हा रोग बरा होतो.'

आमच्या धंद्यात बसस्टँडची भिंत रंगवताना खालचे दोन-अडीच हात मोकळे सोडतात. तिथं लोक थुंकतात, गाठोडी टेकवतात, पाय लावून उभे राहतात. तिथं लिहिलेलं आठ दिवस टिकत नाही. हे पहिल्या दिवशी उस्तादानं मला शिकवलं होतं. त्यामुळे खालची ओळ खाली लिहिणं शक्य नव्हतं. साहेब बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "खालचा मजकूर?"

"खाली पिचकाऱ्या पडतात साहेब. कुणाला वाचता येणार नाही."

साहेब चेहऱ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "चित्रच बोलतंय. राहू द्या."

मी बरीच वर्षं एवढंच सांगत आलो. पण त्या भिंतीवर चेहऱ्याच्या उजव्या बाजूला भरपूर जागा होती. आदल्या दिवशी मी ती ओळ तिथं खडूनं लिहून पाहिलीही होती. खाली उतरलो, समोरच्या बाकापर्यंत मागं गेलो आणि पाहिलं. 'बरा होतो' हे शब्द तिथं आले की चेहऱ्याची दहशत निम्म्यावर येत होती. तो मरणारा माणूस राहत नव्हता, दवाखान्यात गेलेला माणूस वाटायला लागायचा. मी परत वर चढलो आणि ओल्या फडक्यानं खडू पुसला. साहेबांना थुंकीचं कारण सांगितलं, कारण ते कारण खरं होतं आणि हाताशी होतं.

चित्राचा परिणाम काय झाला, हे साहेब मला दर भेटीत विचारायचे. मी कधीमधी स्टँडवर जाऊन बसायचो. पहिले आठ-दहा दिवस गर्दी थांबायची. बायका पदर तोंडाला लावून पुढं जायच्या. एक म्हातारा रोज यायचा, खालपासून वरपर्यंत बघायचा आणि बाकावर बसून बिडी पेटवायचा. महिनाभरात लोक बाकावर भिंतीकडे पाठ करून बसायला लागले. भिंतीच्या अगदी टोकाला पानाची टपरी होती. टपरीवाल्याला मी विचारलं, "काय, धंदा बसला का?"

तो म्हणाला, "कशाचा बसतोय. उलट लोकं इथं जास्त थांबायला लागली. बघितलं की भ्या वाटतं, भ्या वाटलं की बिडी लागते."

ड्रायव्हर-कंडक्टरांनी चेहरा चार दिवसांत ओळखला. मी त्या वेळी तिथंच होतो. एका कंडक्टरनं दाजींना हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं.

"डायवर, हे बघा. तुमचा फोटो लागला."

"माझा कसा?"

"हा डोळा बघा, हा डावा. सुरगाणा गाडीच्या आरशात रोज हाच दिसतो मला. अन् काढणारा कोण, तर मेव्हणा."

सगळे हसले. दाजींनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले होते. ते म्हणाले, "पेंटर, बायकोचे भाऊ असंच करत्यात. पण निदान गाल तरी चांगल्या बाजूचा फोडायचा." आणि त्यांनी खिशातून बिडी काढून तिथंच पेटवली. पुन्हा हसू झालं. तेव्हापासून गाडी काढायच्या आधी त्या चित्रासमोर बिडी पेटवायची, ही त्यांची रीतच झाली. कंडक्टर चित्राकडे बोट करून म्हणायचे, "भावाला विचारा, त्याला पाहिजे का." दाजी म्हणायचे, "त्याला वढता येत नाय, गालातून धूर जातो."

मी त्यांची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. त्यांनी थट्टेवर नेलं, मला बरं वाटलं.

चित्राला दीड वर्ष झालं असेल. संक्रांतीनंतर एक दिवस ताई गाळ्यावर आली. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. ती सहसा गावात एकटी येत नसे.

"यांनी बिडी सोडली," ती म्हणाली. "बारा दिवस झाले. मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हटलं दृष्ट लागेल. काल माचिससुद्धा देऊन टाकली कुणाला तरी."

"एकदम?"

"एकदम. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, तुझ्या भावाचं चित्र. रोज बघतोय त्याला, आता बास झालं." ती माझ्याकडे बघून हसली. "लग्न झाल्यापासून मी सांगतेय, माझं नाही ऐकलं. तुझ्या भिंतीनं ऐकवलं."

तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. मला वाटतं, माझ्या कामाचं त्याआधी किंवा त्यानंतर कुणी इतकं मनापासून कौतुक केलं नाही.

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले. एवढे दिवस वरून विचारणा होत होती की या चित्रांचा उपयोग काय, आणि त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता एक माणूस होता, एसटीचा ड्रायव्हर, इतक्या वर्षांची बिडी, आणि चित्र बघून सोडली. साहेबांनी तो दाखला आपल्या अहवालात घातला. मला आणखी पाच भिंती मिळाल्या, एक मनमाडला, एक अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बाकीच्या तालुक्यांच्या गावी. पाचही ठिकाणी मी तोच चेहरा काढला. पाचही ठिकाणी खालची ओळ लिहिली नाही.

साहेबांनी दाजींना कार्यक्रमांत बोलवायला सुरुवात केली. दाजींना ते नको होतं. पण साहेब मोठे, आणि मध्ये मी. दिंडोरीच्या कार्यक्रमात त्यांना उभं केलं. ते खाली बघत म्हणाले, "चित्र बघितलं. भ्या वाटलं. सोडली." आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मला म्हणाले की याहून चांगलं भाषण होऊ शकत नाही. दाजींनी जे सांगितलं त्यातला शब्दन् शब्द खरा होता, हे मला नंतर कळलं. त्यांना कसलं भ्या वाटलं होतं, ते मात्र आम्ही कुणी विचारलं नाही.

त्या साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईनं मला जेवायला बोलावलं होतं. आमरस, पुरणपोळ्या, कुरडया. दाजींनी कुरडई घेतली नाही. रस वाटीनं प्यायले, पोळी दुधात कुस्करून घेतली. ताई म्हणाली, "बिडी सोडल्यापासून यांना तिखट म्हणून चालत नाही. तोंड नाजूक झालंय नव्या नवरीसारखं." दाजी हसले, पण उजवीकडून. घास ते उजव्याच बाजूला चावत होते. मला ते दिसलं. माझं कामच बघण्याचं आहे.

जेवण झाल्यावर दाजी आधी उठले. थोड्या वेळानं मी हात धुवायला मोरीकडे गेलो. मोरीच्या खिडकीत त्यांचा दाढीचा आरसा टांगलेला असायचा. दाजी त्याच्यासमोर उभे होते. त्यांनी दोन बोटांनी डावा गाल बाहेर ओढून उजेडाकडे धरला होता. आणि आरशात मला तो चट्टा दिसला.

पांढऱ्यात किंचित पिवळा आणि काडीच्या टोकावर राहील एवढा काळा. साऱ्या जिल्ह्यात डॉक्टर सोडले तर तो रंग माझ्याइतका कुणालाच ओळखता आला नसता. मी तो सहा भिंतींवर लावला होता.

आरशातच आमची नजरानजर झाली. त्यांनी गाल सोडला.

"दाढ हाय," ते म्हणाले. "डावीकडली. लय सतावती."

"दाखवा एकदा कुणाला."

"बघू."

ते बाजूला झाले. मी हात धुतले. बाहेर आलो तर ताई ताटं उचलत होती. म्हणाली, "हात धुवायला एवढा वेळ?"

"दाजींनी मोरी अडवली होती," मी म्हणालो. ती हसली. मी पान खाल्लं आणि घरी आलो.

का बोललो नाही, याचं उत्तर मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळं दिलं. त्यांनी दाढ म्हटलं, आपण कोण डॉक्टर. सणाचा दिवस, ताईच्या तोंडावरचं हसू कशाला पुसायचं. हे सगळं असेलही. पण त्या संध्याकाळी गाळ्यात बसून मी जो विचार केला, तो असा होता. पुढच्या आठवड्यात मनमाडला मोठा कार्यक्रम होता. साहेबांचे वरचे अधिकारी येणार होते, दाजी बोलणार होते आणि माझं नाव पुकारलं जाणार होतं. दाजींच्या तोंडात चट्टा असेल तर त्यांनी बिडी चित्र बघून सोडलेली नाही. चट्टा दिसला म्हणून सोडली. मग चित्रानं काय केलं? मी ठरवलं की मनमाडचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू.

मनमाडचा कार्यक्रम झाला. दाजी उभे राहिले आणि पुन्हा तेच तीन वाक्यांचं बोलले, पण या वेळी त्यांचा आवाज थोडा जड होता. साहेबांना वाटलं, भरून आलं. मला ठाऊक होतं की जीभ डावीकडे लागू नये म्हणून ते तसं बोलतायत. मी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पाऊस लागला, कामं लांबली, मी ताईकडे जाणं टाळायला लागलो.

पोळ्याच्या सुमाराला ताईला दाजींच्या उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं. तिनं त्यांना आ करायला लावलं. त्यांनी केला नाही. ती रडली, ओरडली, शेवटी दोन शेजाऱ्यांना बोलावलं आणि त्याच दिवशी सिव्हिलला नेलं. तिथून मुंबईला पाठवलं. डॉक्टरांनी गालाचा आणि जबड्याचा भाग काढला. काढण्याआधी ताईला एवढंच विचारलं, "चार-सहा महिने आधी का आणलं नाही?" ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं हो." मी तिच्या शेजारी उभा होतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाजी आणि मी वॉर्डातल्या खिडकीपाशी बसलो होतो. त्यांना बोलताना त्रास होत होता, तरी ते थांबत थांबत बोलले. रस्ता कुठं खराब आहे हे दुसऱ्या ड्रायव्हरला सांगावं, तितक्या शांतपणे.

"संक्रांतीच्या आधीच दिसलं व्हतं. वाटाण्याएवढं. बिडी सोडली, म्हटलं जाईल."

"तेव्हाच दाखवायचं दाजी."

"दाखवून काय करायचं? तुमच्या भिंतीवर पुढचं काय लिव्हलंय? शेवट असा व्हतो. बास. म्हटलं, डागदरनं एकदा नाव घेतलं की आपुन तोच. नाव घेत नाय तवर आपुन डायवर." जरा थांबून म्हणाले, "इथं वार्डात किती जण हायेत बघा. लवकर आले ते बरे होऊन घरी जात्यात. मला ठावंच नव्हतं की ह्यातून माणूस घरी जातो."

मी त्यांना त्या ओळीबद्दल सांगितलं नाही. ते मला दोष देत नव्हते, त्यामुळे मला गप्प राहणं सोपं गेलं.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा भिंतीवरच्यासारखा झाला नव्हता. माझ्या चित्राइतकं भयंकर ते काहीच नव्हतं. गाल आत ओढलेला, टाके, मान एका बाजूला. ताई म्हणायची, सवय झाली की काही वाटत नाही. पण दाजी पुन्हा स्टँडवर गेले नाहीत. एकदाही नाही. सोबतचे लोक भेटायला घरी यायचे. त्यांतल्या कुणीही कधी त्या चित्राचं नाव काढलं नाही, आणि त्यामुळे ते खोलीत सगळ्यांच्या मध्ये बसल्यासारखं वाटायचं. मी एक दिवस सकाळी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन गेलो आणि भिंत पुसून टाकली. कुणाला विचारलं नाही. टपरीवाला म्हणाला, "का हो पेंटर? चांगला दिसत होता." साहेबांची तोवर बदली झाली होती. रोग गळ्यात उतरला आणि वर्षाच्या आत दाजी गेले.

त्यानंतर इतर साहेब आले. अजूनही कुणी ना कुणी येतं. आता थिएटरात सिनेमाच्या आधीच्या सरकारी फिल्ममध्ये काळं फुप्फुस दाखवतात, लोक तेवढ्या वेळात बाहेर जाऊन सिगारेट ओढून येतात. आलेला प्रत्येक जण म्हणतो, मागच्यापेक्षा भयानक काढा. भीती कामाला येते की नाही, याचा हिशेब मला मांडता येत नाही. मी स्वतः अजून ओढतो. मी एवढंच पाहिलं की भ्यायलेला माणूस लपतो. मी ती कामं आता घेत नाही, आणि का घेत नाही ते सांगत नाही.

ताईला मात्र या उन्हाळ्यात सांगितलं. दुपारी तिच्याकडे गेलो होतो. ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी आधी ओळीचं सांगितलं, खडूनं लिहिली, पुसली, साहेबांना काय कारण दिलं. ती ऐकत होती, हात चालू होते. म्हणाली, "ते राहू दे रे. चित्र काढणं तुझं काम होतं. लिहिलं असतंस तरी त्यांनी काय वाचलं असतं, देव जाणे."

मग मी आखाजीच्या दिवशी मोरीत काय पाहिलं ते सांगितलं. तिचे हात थांबले.

"तुला कळलं होतं?"

"हो."

"दाढ नाही म्हणून?"

"हो."

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. वैशाख, जेठ, आखाड, सरावण. "चार महिने," ती म्हणाली. "मी तिथंच होते. ताटं उचलत होते. मला सांगायला काय झालं होतं तुला?"

मी मनमाडच्या कार्यक्रमाचंही सांगितलं. काही ठेवून घेतलं नाही. तिनं मांडीवरची सालं गोळा केली. मग तिनं विचारलं, "त्यांनी तुला पाहिलं होतं? बघताना?"

"आरशात. हो."

"मग ते वाट बघत असतील," ती म्हणाली. "तू मला सांगशील म्हणून. त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. आता याला कळलंय, हा सांगेल, असं वाटलं असेल त्यांना."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःवर जे जे आरोप केले, त्यांत हा नव्हता. ती शेंगांचं सूप उचलून आत गेली आणि मला आठवायला लागलं. त्या चार महिन्यांत दाजी तीन-चार वेळा माझ्या गाळ्यावर आले होते. त्याआधी ते कधी येत नसत. ड्युटीवरून सुटले की वाकडी वाट करून यायचे, स्टुलावर बसायचे, रंगाचे डबे बघायचे. चहा नको म्हणायचे. मला वाटायचं, बिडी सुटली की माणसाला वेळ कुठं घालवावा कळत नाही. उठताना दर वेळी ते एकच विचारायचे, "ताईकडं येणं व्हतं का नाय तुमचं?"

मी म्हणायचो, "येतो दाजी, एवढी कामं उरकू द्या."